पाहुणे फार, यजमान थोडे

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या रांबुइयेहून सुटणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइडला ज्याला जायचे होते, त्याला आदल्या वर्षीच कामाला लागावे लागले. राइडच्या वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार बीआरएम, म्हणजे वेळेची मुदत असलेल्या लांब राइड, पुऱ्या करायच्या, ही अट जुनीच आहे. पण नाव आधी कोणी नोंदवायचे, हे आदल्या वर्षी केलेल्या सर्वांत लांब बीआरएमवर ठरत होते. ज्यांनी १,००० किलोमीटरची केली त्यांच्यासाठी नोंदणी सर्वांत आधी उघडली; मग ६०० वाल्यांसाठी, मग ४००, मग ३००, मग २००. बाकीच्यांना मागून काही उरलेच तर. पहिल्या रांगेत उभे राहायचे तर आदल्या वर्षीचे हजार आणि चालू वर्षीचे दीड हजार, म्हणजे १,२०० किलोमीटरच्या राइडसाठी अडीच हजार किलोमीटरची रांग झाली. ही रांग जाचक आहे, यात वाद नाही. तरीही जगभरच्या नावाजलेल्या राइडमध्ये शिरणे आज जे अवघड होत चालले आहे, त्यात मला हीच रांग त्यातल्या त्यात शहाणी वाटते. एका गोष्टीत मात्र ती कमी पडते, आणि ती गोष्ट बरीच मोठी आहे.

मुळात ही शर्यत होती. १८९१ साली ‘ल पेती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकातल्या पिएर जिफारने ती काढली, आणि तिच्यामागे सायकलप्रेमाइतकाच अंकाच्या खपाचा हिशोब होता. दोनशेच्या आसपास गडी सुटले. शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत, जवळजवळ न झोपता परत आला. पुढे १९३१ पर्यंत शर्यत दर दहा वर्षांनी होत राहिली, त्याच वर्षी हौशी लोकांसाठी तिच्या जोडीने वेगळी राइड सुरू झाली, आणि १९५१ नंतर शर्यत बंद पडली तरी हौशींनी ती वाट सोडली नाही. आता ती दर चार वर्षांनी होते. १९०४ साली स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन तिचे सगळे पाहतो, आणि बहुतेक जण ९० तासांची मुदत घेऊन निघतात. २०११ मध्ये आकडा पाच हजारांच्या घरात होता, २०१९ मध्ये साडेसहा हजारांच्या पुढे गेला. इतके अंतर कोणाला जमेल, हा जिफारच्या वेळचा प्रश्न होता. आज कोणाला नाही म्हणायचे, हा आहे.

इतरत्रही तेच. इटलीतल्या दोलोमाइट डोंगरांत आल्ता बादियाच्या खोऱ्यात १९८७ साली १६६ जणांनी सुरू केलेली माराटोना आज आठ-नऊ हजार लोकांची आहे, आणि अर्ज तीस हजारांच्या वर येतात. टूर द फ्रान्सचा एक खरा टप्पा हौशींना चालवायला देणारी ‘लेताप’ १९९३ मध्ये निघाली. आज पंधरा हजारांच्या आसपास जागा असूनही नोंदणी उघडली की त्या भराभर संपतात. न्यूयॉर्कची ‘फाइव्ह बरो’ १९७७ साली काहीशे लोकांची होती, आता बत्तीस हजारांची आहे. टस्कनीतल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून १९९७ साली ९२ जणांनी जुन्या सायकली काढून ‘एरोइका’ भरवली, त्यांनाही पुढे सोडतीचा डबा ठेवावा लागला. गर्दी का वाढली याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: चांगल्या सायकली आवाक्यात आल्या, चाळिशीतल्या माणसांच्या हातात पैसा आणि मनात तब्येतीची धास्ती आली, आणि एकाच्या फोनवरचा मेडलचा फोटो पाहून दहा जणांना तेच मेडल हवेसे झाले. त्यात फार खोल जाण्यासारखे काही नाही.

खोल जायचे ते पुढच्या प्रश्नात: या राइडमध्ये नेमके काय कमी पडते? सायकली तर पडत नाहीत. रस्ता कमी पडतो असे म्हणावे तर उत्तर राइडप्रमाणे बदलते, आणि दोन वेगळ्या टंचाया एकाच तक्रारीत कोंबल्या जातात. शहरातल्या राइडची टंचाई खरोखर रस्त्याचीच आहे. न्यूयॉर्कमध्ये त्या एका दिवशी चाळीस मैल रस्त्यावर मोटार नसते, म्हणून माणसे येतात. बाकीचे ३६४ दिवस त्याच पुलावर सायकल काढायची त्यांची छाती होत नाही. केपटाउनची १०९ किलोमीटरची सायकल टूर तर सायकलींसाठी वेगळे मार्ग हवेत, या मागणीच्या मोर्चातून जन्मली. १९७८ साली ५२५ जणांनी ती पहिल्यांदा केली. आज तीस हजारांवर लोक तिच्यासाठी येतात. मागणी रोजच्या मार्गाची होती, लोकप्रिय झाला तो वर्षातला एक रविवार. ज्या शहराला ही गर्दी खरोखर कमी करायची आहे त्याने बोगोटाकडे पाहावे. तिथे १९७४ पासून ‘सिक्लोविया’ चालते: रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी शंभरावर किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात आणि आबालवृद्ध मोकळेपणाने फिरतात. नोंदणी नाही, नंबर नाही, मेडल नाही. अशा शहरात बंद रस्त्याच्या राइडसाठी कोणी सोडतीच्या निकालाची वाट पाहत बसणार नाही.

रस्ता दुसऱ्याचा असला की पाहुणचाराला मुदत असते, हे लंडनने पाहिले. २०१२ च्या ऑलिंपिकनंतर, २०१३ मध्ये राइडलंडन सुरू झाली. लंडनमधून सरे परगण्याच्या टेकड्यांवर जाऊन परत, शंभर मैल, पंचवीस हजारांच्या आसपास माणसे आणि त्याच्या कित्येक पट अर्ज. सरेतल्या काही गावांना दर उन्हाळ्यात एक अख्खा रविवार घराबाहेर गाडी काढता येईना, आणि कुरकुर वाढत गेली. २०२० मध्ये सरे कौन्सिलने यापुढे नको म्हणून सांगितले. राइड २०२२ मध्ये एसेक्सकडे वळली, आणि २०२५ मध्ये झालीच नाही. हजारो लोक दारात ताटकळत असताना घरच उठले. जागा का वाढवत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये रस्ता बंद नसतोच. सायकलवाले आणि दुधाचे ट्रक ब्रिटनीच्या त्याच अरुंद रस्त्यांवरून जातात, आणि रात्रीच्या वेळी त्या रस्त्यांवर आणखी दहा हजार माणसे सहज मावतील. मावत नाहीत ती विलेन-ला-जुएलमध्ये. ही तीनेक हजार वस्तीची जागा. इथल्या शाळेचे आवार म्हणजे एक कंट्रोल, वाटेत थांबून कार्डावर शिक्का घ्यायचे ठिकाण. राइडच्या दिवसांत सगळे गाव रस्त्याकडेला असते. दोन रात्रींचे जागरण घेऊन आलेल्या माणसाचे हात ताट धरताना थरथरतात, म्हणून जेवणघरात गावातली दहा-बारा वर्षांची मुले पुढे होतात, त्याचे ताट उचलतात आणि टेबलापर्यंत नेऊन ठेवतात. लुदेआकला झोपायची सोय आहे. दारातल्या स्वयंसेवकाला किती वाजता उठायचे ते सांगायचे, तो वहीत टिपून घेतो, टॉर्चच्या उजेडात रिकाम्या खाटेपर्यंत नेतो, आणि सांगितलेल्या वेळी अंधारात बरोबर त्याच माणसाच्या खांद्याला हात लावतो. ला तानिएर नावाच्या खेड्यात एका घरापुढे वर्षानुवर्षे कॉफी आणि धिरडी फुकट मिळत आली आहेत. बदल्यात आपल्या गावी परत गेल्यावर एक पोस्टकार्ड पाठवायचे. दर पंधरा मिनिटांनी तीनेकशे जणांचा जथा सोडतात तो याचसाठी, की पुढच्या गावातली डाळ-भाताची (तिथे पास्त्याची) पातेली, खाटा, संडास आणि जागी असलेली माणसे पुरी पडावीत. डांबर भरपूर आहे, रात्री तीन वाजता खांद्याला लावायचे हात मोजके आहेत. या राइडची टंचाई यजमानांची आहे, आणि हे एकदा मान्य केले की प्रवेश कसा द्यावा या वादाचा रोख बदलतो.

प्रवेश देण्याच्या रूढ पद्धती चारच. पहिली, जो आधी येईल त्याची जागा. ही वरवर निर्मळ दिसते. प्रत्यक्षात ती वेगवान इंटरनेटची, ठरलेल्या घटकेला कामावरून मोकळे होऊ शकणाऱ्यांची आणि नोंदणी युरोपच्या सकाळी उघडते की आपल्या मध्यरात्री, याची परीक्षा असते. शिवाय ती मागणी फुगवते. स्वीडनमध्ये वेटर्न सरोवराभोवती तीनशे किलोमीटरची राइड १९६६ पासून होते. एका काळात तिच्या वीस हजारांवर जागा मिनिटांत संपत होत्या, कारण आता नाही घेतली तर गेली, या भीतीने माणसे आधी जागा घेत आणि जायचे की नाही ते मागून ठरवत. पुढे ओढ ओसरली तेव्हा त्याच राइडला माणसे गोळा करावी लागली. दुसरी पद्धत पैशाची. काही राइड थोड्या जागा चढ्या दराने विकतात आणि वरचा पैसा धर्मादायाला देतात. काही ठिकाणी संस्था जागा विकत घेतात आणि अमुक इतका निधी जमवतो असा शब्द देणाऱ्याला देतात. शिवाय अधिकृत प्रवासी कंपन्या हॉटेलसकट प्रवेश विकतात. यातून रुग्णालयांना, शाळांना खरोखर पैसा मिळतो, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण विलेनच्या त्या मुलाने ताट उचलले ते विकत घेता येत नाही, आणि जे विकत मिळत नाही त्याचे तिकीट विकणे मला खटकते.

तिसरी पद्धत सोडतीची. तिच्या बाजूने बोलणारे बरेच आहेत आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे: सोडत तोंड पाहत नाही, खिसा पाहत नाही, पायातले बळही पाहत नाही. सरकारी घरे सोडतीने वाटली जातात ती याच भरवशावर. पण घराची गरज आधीच ठरलेली असते, राइडची इच्छा सोडतीमुळे वाढते. चिठ्ठी टाकायला काही लागत नाही म्हणून नवरा, बायको, मेव्हणा सगळ्यांच्या चिठ्ठ्या पडतात. डब्यात अर्ज जितके वाढतात तितकी खरी तळमळ असलेल्याची शक्यता घटते, मग तोही पुढच्या वर्षी चार राइडच्या चार डब्यांत चिठ्ठी टाकतो. आणि निकाल लागेपर्यंत अर्जदाराने काय करायचे? काहीच नाही. सोडत माणसाला बसवून ठेवते. ज्या राइडला फारशी तयारी लागत नाही आणि रस्ता बंद असतो तिथे ती चालून जाईल. चार दिवस-रात्रींच्या राइडला नशीबवान पण अननुभवी माणूस पाठवणे म्हणजे त्याची जबाबदारी लुदेआकच्या त्या स्वयंसेवकावर ढकलणे.

म्हणून चौथी, म्हणजे आधी केलेल्या श्रमांवर नंबर लावणारी फ्रेंच रीत मला सरस वाटते. तिचा सर्वांत मोठा गुण असा की या रांगेत उभे राहणे म्हणजेच सायकल चालवणे. पॅरिसला जायचे म्हणून माणूस आपल्या गावात बीआरएम शोधतो. नसली तर चार मित्र गोळा करून ती सुरू करतो. भारतात २०१० च्या सुमारास या राइड सुरू झाल्या, पुण्यातून चालणारी ऑडॅक्स इंडिया त्यांचा कारभार पाहू लागली, आणि दहा वर्षांत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतून शनिवार-रविवारी अंगात चमकणारी जाळीदार जॅकेटे आणि खिशात शिक्क्यांचे ब्रेव्हे कार्ड घेतलेली माणसे महामार्गावर दिसू लागली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, हे आकडे कॉलेजातल्या पोरांनाच काय, पन्नाशीच्या डॉक्टरांना आणि बँकेतल्या बायकांनाही तोंडपाठ झाले. यातले बहुतेक जण पॅरिसला कधीच जाणार नाहीत. त्यांना ही हौस मात्र लागली ती एका दूरच्या दाराबाहेरच्या रांगेमुळे. सोडतीच्या डब्याने एकाही गावात अशी नवी राइड उभी केल्याचे दिसत नाही.

या रीतीवरचे आक्षेप मात्र खरे आहेत. हजार किलोमीटरच्या बीआरएमला पंच्याहत्तर तासांची मुदत असते. म्हणजे सलग तीन दिवस रजा, घरात कोणीतरी दुसरे सांभाळून घेणारे, आणि सायकल, दिवे, टायर, प्रवास यांचा खर्च. ज्याची रजा कापली जाते, ज्याच्या घरी आजारी आई आहे, जिच्याशिवाय घरची सकाळ उजाडत नाही, त्यांच्या पायात ताकद असली तरी रांगेत ते मागेच राहणार. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये बायकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहत आले आहे, आणि त्याला पायांतले बळ कारण नाही. दुसरा आक्षेप आपल्याला जास्त बोचणारा आहे. २०१९ मध्ये भारतातून तीनशेहून अधिक जण गेले. सगळे पात्रता मिळवून गेले होते. त्यातल्या बहुसंख्यांना ती राइड मुदतीत पुरी करता आली नाही. ब्रेस्टकडे जाताना समोरून वारा होता, ऑगस्ट असूनही रात्री थंडी होती, आणि ब्रिटनीचे रस्ते सपाट म्हणावेत असे कुठेच नाहीत. एक चढ संपला की दुसरा, असे करत दहा हजार मीटरच्या वर चढाई होते. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर, उकाड्यात, ढाब्यावरच्या खाटेवर डुलकी काढून मिळवलेली पात्रता तिथे पुरली नाही. तेव्हा श्रमावर लावलेला नंबर श्रमाचीही अचूक पारख करतो असे नाही. एवढे कबूल करूनही मी म्हणेन की अपुरी पारख ही पारखच नसण्यापेक्षा बरी, आणि परत आलेल्यांनी पुढच्या वेळी घाटातल्या वाटा निवडल्या तर रांगेने तेवढे तरी शिकवले.

आता ज्या गोष्टीत ही रांग कमी पडते ती. ती फक्त चालवलेले किलोमीटर मोजते. कोणी किती जणांना चालवू दिले, हे मोजत नाही. टंचाई यजमानांची, आणि निवड सर्वांत भुकेल्या पाहुण्यांची! हजार किलोमीटर मारणाऱ्याने वर्षभरात चार-पाच रात्री दुसऱ्यांचा पाहुणचार घेतलेला असतो: कोणीतरी कार्डावर शिक्का मारलेला, कोणीतरी मार्ग आधी जाऊन तपासलेला, कोणीतरी शेवटचा माणूस येईपर्यंत पहाटे पाच वाजता गाडीत जागत बसलेला. तो जागत बसणारा त्या आठवड्यात सायकल चालवत नाही, म्हणून रांगेत मागे पडतो. हे उलटे आहे. लंडन-एडिंबरा-लंडन या दीड हजार किलोमीटरच्या राइडने, जी १९८९ पासून दर चार वर्षांनी होते, यावर साधा तोडगा काढला: मागच्या खेपेला कंट्रोलवर काम केले असेल तर पुढच्या खेपेला जागा पक्की, सोडतीची भानगड नाही. म्हणजे चार वर्षांपूर्वी मध्यरात्री ज्याने शाळेच्या सभागृहात गाद्या घातल्या, तो आता त्या गादीवर झोपायला येतो, आणि गादी कोण घालते याची त्याला जाण असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिस वादळ आले तेव्हा राइड थांबवावी लागली, आणि सायकलवाल्यांना आहेत त्या कंट्रोलवर रोखून ठेवले गेले. अशा रात्री एका शाळेत ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे अडकतात. त्यांतल्या काहींनी आधी स्वतः वरणाचे पातेले ढवळलेले असेल तर पातेले पुरते.

आपल्याकडे याचा सर्वांत जुना नमुना डोळ्यांसमोर आहे, फक्त आपण त्याकडे या नजरेने पाहत नाही. पंढरीच्या वारीला प्रवेशपत्रिका नाही, तरी ती मोकाट गर्दीही नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीचा नंबर व जागा ठरलेली. वारी लाखांवर गेली तरी वाखरीपर्यंत पोचते, कारण दिंडी येताना आपला ट्रक, आपले तंबू, आपला पाण्याचा टँकर आणि आपले आचारी घेऊन येते. नवा वारकरी दिंडीत शिरतो तेव्हा त्याच्याबरोबर चुलीला एक हातही वाढतो. वाटेतली गावे जेवण वाढतात ते वेगळेच. वारीत श्रद्धा आहे, राइडमध्ये छंद आहे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत, असे कोणी म्हणेल तर बरोबरच आहे. मी श्रद्धेबद्दल बोलत नाही, स्वयंपाकाबद्दल बोलतो आहे. पाहुणे वाढतील त्या प्रमाणात यजमान वाढवण्याची युक्ती या मुलखाला फार पूर्वीपासून येते, आणि नाशिकहून पंढरपूरला निघणाऱ्या सायकल वारीतही ती थोडीफार उतरली आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? नोंदणीच नको, ज्याला यायचे तो येईल. अशी एक राइड आहे आणि ती फार छान आहे. लंडनच्या हॅकनी भागातून जुलैतल्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी रात्री लोक निघतात आणि १८० किलोमीटरच्या आसपास चालवून सकाळी सफकच्या डनिच किनाऱ्यावर पोचतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालले आहे. आयोजक नाही, फी नाही, वेळेची मुदत नाही. वाटेतले काही पब उशिरापर्यंत उघडे ठेवले जातात, एखाद्या गावाच्या सभागृहात सूप मिळते. मात्र किनाऱ्यावरून परत कसे यायचे, हा प्रश्न उरतोच. बरीच वर्षे लंडनच्या एका सायकल गटाचे स्वयंसेवक परतीच्या बसगाड्या करत, आणि त्या बसचे तिकीट आधी काढावे लागे. एक रात्र बिनयजमानाची निघते, दुसऱ्या सकाळी यजमान लागतोच. अमेरिकेत आयोवा राज्य आडवे पार करणारी आठवडाभराची राइड १९७३ पासून आहे. तिच्यात बरीच वर्षे साडेआठ हजारांची मर्यादा होती, तरी नोंद न करता घुसणारे शेकड्यांनी असत, त्यांना तिथे ‘बँडिट’ म्हणतात. त्यांच्यामुळे राइड बंद पडली नाही, हे खरे. पण ते ज्या तंबूच्या जागेवर झोपतात आणि ज्या रुग्णवाहिकेच्या भरवशावर चालवतात, त्या दोन्हींचे पैसे आणि श्रम नोंद केलेल्यांचे असतात.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: सगळ्यांना ब्रेस्टलाच का जायचे? १,२०० किलोमीटरच्या राइड आता अनेक देशांत होतात, भारतातही होतात, आणि तिथे जागा रिकाम्या राहतात. टंचाई मग राइडची नसून नावाची आहे, आणि नावासाठी रडणाऱ्यांची कणव कशाला? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. मेडलच्या मागे लागलेल्याला नाही म्हटले तर जगाचे काही अडत नाही. पण ब्रेस्टच्या वाटेवर जे आहे ते निव्वळ नाव नव्हे. दुसरीकडे मार्ग आखता येतो, चढ मोजून घेता येतात, जीपीएसची फाइल पाठवता येते. विलेन-ला-जुएल पाठवता येत नाही. तिथल्या मुलांच्या आजोबांनीही ताटे उचललेली असतात. लोक दुसऱ्या राइड सोडून तिकडे धावतात ते त्या मुरलेल्या यजमानपणाकडे, भले त्यांना ते सांगता येत नसो. म्हणजे उपाय पुन्हा तिथेच येतो. दुसरी ब्रेस्टची वाट हवी असेल तर दुसरी गावे मुरायला हवीत, आणि ती सायकलवाल्यांनी स्वतः रात्री जागून दाखवल्याशिवाय मुरत नाहीत. आपल्या बीआरएममध्ये अजून कित्येक ठिकाणी पोचल्याचा पुरावा म्हणजे एटीएमची पावती किंवा चहाच्या दुकानातले बिल. यंत्रातून निघालेल्या त्या चिठ्ठीने वेळ सिद्ध होते, पण त्या गावात कोणाला कळतही नाही की इथून काही गेले. तिथे एक माणूस टेबल, शिक्का आणि केळ्यांचा घड घेऊन बसला, तर दुसऱ्या वर्षी शेजारचा ढाबेवाला त्याला ओळखतो, तिसऱ्या वर्षी त्याचा मुलगा पाण्याचा जग भरून आणतो.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. सेवेवर जागा द्यायला लागलात की सेवेलाही भाव येईल. लोक मनाविरुद्ध टेबलावर बसतील, जागेपुरते तोंड दाखवतील, ओळखीच्या आयोजकाकडून प्रमाणपत्र लिहून घेतील. शिवाय सेवेलाही वेळ लागतो, म्हणजे ज्याच्याकडे रजा नाही तो इथेही मागेच. वेळेचा मुद्दा असा की एक रात्र टेबलावर बसणे तीन दिवसांच्या हजार किलोमीटरपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, ते आपल्याच तालुक्यात करता येते, आणि त्यासाठी पंधरा-वीस हजारांची चाके लागत नाहीत. ज्या बाईला ९० तास घर सोडता येत नाही ती शनिवारच्या रात्री सहा तास कंट्रोल चालवू शकते, आणि आज तिच्या त्या सहा तासांचा हिशोब कुठेच होत नाही. मनाविरुद्ध बसणाऱ्याबद्दल म्हणाल तर रात्री शिक्का मिळण्याशी मतलब, मारणारा आनंदी असलाच पाहिजे असे नाही. राहता राहिली खोटी प्रमाणपत्रे. किलोमीटर खोटे दाखवता येतात, एकाच्या कार्डावर दुसरा चालवू शकतो, आणि रस्त्यावर एकटाच असलेल्या माणसाला पाहणारे कोणी नसते. पण पहाटे दोन वाजता साताऱ्याच्या पुढच्या नाक्यावर टेबल लावून कोण बसले होते, हे त्या वाटेने गेलेल्या साठ-सत्तर जणांना विचारले की कळते.